गुणांची यादी आणि विश्वासाची घडी : एडीएचडी असलेल्या उद्योजिकेच्या ब्रँडविषयी एक चिकित्सा

प्रस्तावना

'उद्योजकता विकास' या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत 'यशस्वी उद्योजकाचे गुण' या शीर्षकाचे एक प्रकरण असते. आत्मविश्वास, चिकाटी, दूरदृष्टी, वेळेचे नियोजन, जोखीम पत्करण्याची तयारी, निर्णयक्षमता अशी दहा-बारा गुणांची यादी त्यात दिलेली असते. विद्यार्थी ती पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत क्रमाने उतरवितात. पुढे 'महिला उद्योजकता' या प्रकरणात हीच यादी उलट बाजूने भेटते. तेथे स्त्रियांच्या अडचणी सांगताना भांडवलाची उणीव, कौटुंबिक जबाबदाऱ्या यांच्या जोडीला 'आत्मविश्वासाचा अभाव' नोंदविलेला असतो व त्यावर प्रशिक्षणाचा उपाय सुचविलेला असतो. अलीकडे या मांडणीत 'ब्रँड' या शब्दाची भर पडली आहे. उद्योजिकेने आधी स्वतःवर विश्वास ठेवावा. मग तो तिच्या बोलण्यातून, वेष्टनातून, जाहिरातीतून ग्राहकापर्यंत पोहोचतो आणि ब्रँड उभा राहतो, असे या विचाराचे सूत्र आहे.

प्रस्तुत लेखात या सूत्राची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी निवडलेली कसोटी अवघड आहे : एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता ही मज्जाविकासाशी निगडित स्थिती असलेली उद्योजिका. पाठ्यपुस्तकातील यादीतल्या निम्म्या गुणांवर ही स्त्री पहिल्याच फेरीत बाद होते. तरीही अशी स्त्री व्यवसाय करू शकते आणि तिच्या मालाला गिऱ्हाईक मिळू शकते. ते कसे, हे पाहू गेल्यास दोष तिच्यात आहे की यादीत, असा प्रश्न उभा राहतो. विवेचनासाठी स्थळ म्हणून पंढरपूर घेतले आहे, कारण या गावाचा बाजार तिथीवर चालतो आणि तिथी कोणासाठी थांबत नाही.

यादीचा उगम

गुणांची ही यादी आकाशातून पडलेली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांचा 'दि अचिव्हिंग सोसायटी' हा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक प्रगतीच्या मुळाशी व्यक्तीच्या मनातील 'सिद्धिप्रेरणा' असते व ती प्रशिक्षणाने वाढविता येते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्याची चाचणी त्यांनी भारतातच घेतली. आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योगविषयक संस्थेत प्रशिक्षण देण्यात आले आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष मॅक्लेलँड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. पुढे अहमदाबाद येथील उद्योजकता विकास संस्था (१९८३) आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (१९८८) यांच्या काळात प्रशिक्षणाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यावर या विचाराची छाप स्पष्ट दिसते. क्रमिक पुस्तकांतील यादी ही त्याच परंपरेची शेवटची, पातळ झालेली आवृत्ती होय.

या परंपरेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. धंदा रक्तात असावा लागतो, तो ठराविक जातीजमातींनाच जमतो, मराठी माणसाचे ते काम नव्हे, या समजुतीला तिने धक्का दिला. उद्योजक घडविता येतो, हे विधान १९६०-७० च्या दशकात क्रांतिकारक होते. मात्र या विधानाची एक किंमत होती. उद्योजकता जातीतून बाहेर पडली ती थेट व्यक्तीच्या मनात जाऊन बसली. यशाचे कारण मन, तसे अपयशाचेही कारण मन, असा त्याचा अपरिहार्य अर्थ झाला. तराजू, खतावणी, भागीदार, हिशेबनीस, घरातील मागचा आधार या गोष्टी, ज्यांच्या बळावर प्रत्यक्ष धंदा उभा राहतो, त्या 'गुण' नसल्यामुळे प्रकरणाबाहेर राहिल्या.

एडीएचडी : माहिती असणे आणि हातून होणे

एडीएचडीचा इतिहास प्रामुख्याने मुलांचा, आणि त्यातही मुलग्यांचा इतिहास आहे. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत अशा बालकांचे वर्णन केले, त्यावर नैतिक नियंत्रणाच्या दोषाची छाया होती. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९६८ च्या वर्गीकरणात ही बालपणीची 'अतिचळवळी प्रतिक्रिया' ठरली. १९८० मध्ये प्रथमच अवधानाची न्यूनता केंद्रस्थानी आली आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत दोन महत्त्वाचे बदल झाले. लक्षणे सातव्या वर्षापूर्वी दिसलीच पाहिजेत ही अट शिथिल होऊन ती मर्यादा बारा वर्षांवर गेली, आणि प्रौढांच्या निदानासाठी लागणाऱ्या लक्षणांची संख्या सहावरून पाचवर आली. वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच लक्षात येतो. खिडकीशी बसून शांतपणे भलतीकडे हरवलेली मुलगी येत नाही. मुलींमध्ये अवधानन्यूनतेचा हा मुका प्रकार अधिक आढळतो व त्यामुळे त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही, हे आता सर्वमान्य आहे. पुष्कळ स्त्रियांना आपल्या मुलाच्या तपासणीच्या वेळीच स्वतःविषयीची शंका प्रथम येते.

निदानाआधी या मुलीला जी नावे मिळतात ती मराठीत विपुल आहेत : वेंधळी, धांदरट, विसराळू, उतावळी, धसमुसळी. ही सर्व विशेषणे स्वभावाची, म्हणजे चारित्र्याची आहेत. शास्त्रीय परिभाषाही यातून पूर्णपणे सुटलेली नाही. 'अतिचंचलता' या शब्दातील 'चंचल' हे विशेषण मराठीत लक्ष्मीला, मनाला आणि स्त्रीला लावण्याची जुनी सवय आहे. त्यामुळे परिभाषा उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात वैद्यकाऐवजी उपदेश जागा होतो. (मराठी विनोदात विसरभोळा प्राध्यापक हे लाडके पात्र आहे. विसरभोळी प्राध्यापिका तेथे सहसा भेटत नाही. तिच्या विसरण्याला कोणी हसत नाही, कारण ती जे विसरते त्यात दुधाची पिशवी आणि मुलाची सही करावयाची वहीही असते.)

रसेल बार्कले या मानसशास्त्रज्ञाने या स्थितीविषयी केलेले विवेचन येथे विशेष उपयोगी आहे. त्याच्या मते एडीएचडी ही ज्ञानाची उणीव नाही; जे माहीत आहे ते योग्य क्षणी हातून होण्यात अडथळा आहे. काळाचे भान, कार्यस्मृती, आवेगाला क्षणभर थोपवून धरणे ही मेंदूची व्यवस्थापकीय कार्ये दुर्बळ असतात. म्हणून जे इतरांच्या डोक्यात राहते ते या व्यक्तींसाठी डोक्याबाहेर, आणि तेही प्रत्यक्ष काम घडते त्याच जागी, मांडून ठेवावे लागते. हे मान्य केल्यास 'आत्मविश्वास वाढवा' या प्रशिक्षणाचा फोलपणा उघड होतो. या स्त्रीला वेळेवर माल द्यावा हे माहीत असते, द्यावासा वाटतो, तिने तसे कबूलही केलेले असते आणि तरीही शब्द मोडतो. असे वर्षानुवर्षे घडल्यावर तिला स्वतःच्या शब्दाची भीती वाटू लागते. आत्मविश्वासाचा अभाव ही तिची मूळ अडचण नव्हे, ते अनुभवातून काढलेले अनुमान आहे आणि उपलब्ध पुराव्यावरून पाहता ते चुकीचेही नाही. व्यासपीठावरून दोन तासांत हे अनुमान पुसून टाकण्याची अपेक्षा करणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरविणे होय.

'देणगी'चे मिथक

याच्या विरुद्ध टोकाला दुसरी एक मांडणी गेल्या दशकात लोकप्रिय झाली आहे. तिच्यानुसार एडीएचडी ही उद्योजकाला लाभलेली देणगीच असते. कल्पकता, धाडस, एखाद्या विषयात तहानभूक विसरून बुडून जाण्याची क्षमता ही तिची अंगे सांगितली जातात. या मांडणीला संशोधनाचा काही आधार आहे. योहान विकलुंड, होल्गर पात्सेल्ट आणि दिमो दिमोव्ह यांनी २०१६ मध्ये निदान झालेल्या १४ उद्योजकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवेगशीलता कृतीला चालना देते आणि तीव्र एकाग्रतेचे परिणाम बऱ्या-वाईट दोन्ही प्रकारचे असतात, असे त्यात दिसून आले. चौदा व्यक्तींच्या सखोल मुलाखतींवर आधारलेले हे काम सावध आहे. त्यावरून प्रेरणादायी भाषणांत जे निष्कर्ष काढले जातात ते सावध नाहीत. शिवाय देणगीची भाषा ही जुन्या यादीचीच उलटी बाजू आहे. तेथेही यशाचे कारण मनातच शोधलेले असते. फक्त दोषाच्या रकान्यातील शब्द गुणाच्या रकान्यात हलविलेला असतो.

या मांडणीत उदाहरणे म्हणून जी नावे येतात ती पाहण्याजोगी आहेत. जेटब्लू या विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन आपल्या एडीएचडीविषयी उघडपणे बोलले आहेत. छायाप्रतींच्या दुकानांची किंकोज ही साखळी १९७० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू करणारे पॉल ऑर्फली यांनी वाचनातील अडचण आणि एडीएचडी या दोन्हींविषयी आत्मकथनात (२००५) लिहिले आहे. ऑर्फली दुकानांचा दैनंदिन कारभार भागीदारांवर व सहकाऱ्यांवर सोपवून स्वतः दुकानादुकानांतून फिरत आणि कोठे काय चांगले चालले आहे ते टिपत. हे त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. परंतु या कथेतील महत्त्वाचे वाक्य 'फिरत' हे नसून 'सोपवून' हे आहे. त्यांची स्मरणशक्ती, त्यांचे वेळापत्रक, त्यांची खतावणी इतर माणसांच्या रूपाने त्यांच्या भोवती उभी होती.

उद्योजिकेच्या बाबतीत ही रचना नेमकी उलट असते. मराठी घरात स्मरणाचे खाते गृहिणीकडे असते. कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या, कोणाची फी भरावयाची, गॅसचा नंबर कधी लावला, एकादशी कोणत्या दिवशी, श्राद्धाची तिथी कोणती, नणंदेकडे काय पाठवावयाचे, हे सर्व तिने लक्षात ठेवावयाचे असते आणि ते तिने लक्षात ठेवले आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही. पुरुष उद्योजकाला घर ही बाह्य स्मृती म्हणून मिळते. स्त्री स्वतःच इतरांची बाह्य स्मृती असते. ज्या स्त्रीची कार्यस्मृती मुळातच तोकडी आहे तिच्यावर हा भार दुहेरी पडतो. ती दुकानात चुकते तेव्हा 'घर सांभाळता सांभाळता होते असे' असे म्हटले जाते आणि घरात चुकते तेव्हा 'धंद्याची हौस कोणी सांगितली होती' असे विचारले जाते. महिला उद्योजकतेवरील लेखनात 'दुहेरी भूमिका' हा शब्दप्रयोग शेकडो वेळा येतो. त्यात श्रमाचे तास मोजलेले असतात. लक्षात ठेवण्याचे श्रम मोजलेले नसतात.

तिथीचा बाजार

पंढरपूरला आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या भरतात. कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा, टाळ-चिपळ्या, बांगड्या, चुरमुरे-बत्तासे, पेढे, देवाच्या मूर्ती व तसबिरी यांचा व्यापार या चार लाटांवर चढतो आणि उतरतो. समजा, प्रदक्षिणा मार्गालगतच्या एखाद्या बोळात राहणारी स्त्री उपवासाचे पदार्थ करते : राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भगरीचे पीठ. तिला एडीएचडी आहे असे मानल्यास हा बाजार एका अर्थाने तिला मानवणारा आहे. दूरची तारीख तिच्या मनाला जाणवत नाही, परंतु आषाढी चार दिवसांवर आली की अंगात वारे भरल्यासारखी ती काम करते. रात्र रात्र जागून माल तयार होतो. गिऱ्हाइकाशी बोलणे, गर्दीत चटकन निर्णय घेणे, नवा पदार्थ सुचणे, हे तिला सहज साधते. बघणारे कौतुक करतात आणि देणगीचा सिद्धांत खरा वाटू लागतो.

ब्रँडचा प्रश्न मात्र गर्दीच्या दिवसांत ठरत नाही. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत राजगिरा कोठे, किती आणि कोणत्या भावाने भरून ठेवला, उधारी कोणाकडे राहिली, वेष्टनाची मागणी कधी नोंदविली, परवान्याचे नूतनीकरण झाले की नाही, यांवर पुढची यात्रा अवलंबून असते. ही सर्व कामे कंटाळवाणी, दूरच्या फळाची आणि कोणी तगादा न लावणारी आहेत. त्यातच ही स्त्री अडखळते. उपवासाच्या पदार्थात तर चुकीची किंमत वेगळीच असते. ज्या परातीत दुपारी फरसाण कालवले तीच घाईत लाडवांसाठी घेतली तर एखाद्या वारकऱ्याचा एकादशीचा उपवास मोडतो. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या काळात येतात. जुने पीठ व नवे पीठ यांची सरमिसळ ही केवळ गैरसोय राहत नाही. येथे विश्वास हा शब्द जाहिरातीतला नसून पोटातला आणि श्रद्धेतला आहे, आणि तो उद्योजिकेच्या चेहऱ्यावरील आत्मविश्वासाने राखला जात नाही.

पंढरपूरचा बाजार आणखी एका दृष्टीने बोधप्रद आहे. येथे दुकानाला विठ्ठल, रुक्मिणी, पांडुरंग, माउली यांपैकी नाव असणे इतके स्वाभाविक आहे की नावावरून दुकान ओळखता येत नाही. ब्रँडच्या आधुनिक कल्पनेत नाव हे भेददर्शक असते. येथे ते सर्वांचे असते. तरी वारकरी आपले दुकान ओळखतो. दिंड्यांचे मठ ठरलेले असतात, गिऱ्हाईकही पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले असते. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारा हा गिऱ्हाईक मागच्या वेळचे माप, मागच्या वेळची चव आणि दुकानाची जागा लक्षात ठेवून येतो. त्याला मालकिणीचे व्यक्तिमत्त्व अभिप्रेत नसते, तेच ते पुन्हा मिळणे अभिप्रेत असते. १ जुलै २०२० रोजीची आषाढी वारकऱ्यांवाचून झाली, पालख्यांच्या पादुका बसमधून आल्या, आणि २०२१ मध्येही यात्रा भरली नाही. रस्त्यावरच्या जागेवर ज्यांचा सगळा विश्वास उभा होता त्यांच्यापाशी त्या दोन वर्षांत काहीच उरले नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन ज्यांनी लिहून ठेवले होते त्यांच्यापाशी निदान हाक मारण्याचा मार्ग होता. पुन्हा तीच गोष्ट : लिहून ठेवणे.

जनाबाईविषयीची एक आख्यायिका या संदर्भात आठवते. कबीर तिला भेटावयास आले तेव्हा ती शेणाच्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या स्त्रीशी भांडत होती. कोणत्या गोवऱ्या कोणाच्या हे कसे ओळखावे, असे विचारता तिने सांगितले की, ज्या कानाला लावल्यावर विठ्ठलनाम ऐकू येईल त्या तिच्या. कबीर जनाबाईनंतरचे असल्यामुळे कालगणनेत ही कथा बसत नाही, आणि तिचा भक्तिपर अर्थच मुख्य आहे. तथापि, व्यापाराच्या दृष्टीने वाचली तर ती मालाच्या ओळखीची कथा आहे, आणि त्यात ओळख मालात आहे. जनाबाई स्वतःविषयी काही सांगत नाही. ती गोवरी कानाला लावावयास सांगते. गोपाळपूरला तिचे म्हणून जे जाते दाखवितात, त्यामागील कथेतही देव तिला धीराच्या चार गोष्टी सांगून थांबत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो.

डोक्याबाहेरची व्यवस्था

महाराष्ट्रात स्त्रियांनी उभारलेला सर्वांत मोठा ब्रँड कोणत्या पायावर उभा आहे, हे या प्रकाशात पाहता येईल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेची रीत सर्वपरिचित आहे. पीठ संस्थेत एकाच प्रमाणाने मळले जाते. सकाळी सदस्य-भगिनी ते घेऊन जातात, घरी लाटतात, वाळवितात आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणून देतात. तेथे वजन होते, तपासणी होते, मोबदला मिळतो आणि नवे पीठ मिळते. कोणत्याही भगिनीला येथे आत्मविश्वासाचे प्रमाणपत्र मागितले जात नाही. मुदत एका दिवसाची आहे, माप ठरलेले आहे, तपासणारे डोळे दुसऱ्याचे आहेत आणि फळ हाताच्या अंतरावर आहे. बार्कले ज्याला कामाच्या जागीच उभारलेला आधार म्हणतो त्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल, आणि ते कोणत्याही मानसशास्त्राचा आधार न घेता उभे राहिले. या संस्थापक स्त्रियांपैकी कोणाला काय होते, असले निदान मागाहून करण्याची जी फॅशन आहे ती येथे निषिद्ध मानली पाहिजे.

मात्र लिज्जत हा आदर्श म्हणून जसाच्या तसा उचलता येणार नाही. दिवसामागून दिवस तोच पापड लाटणे हे एडीएचडी असलेल्या स्त्रीला कदाचित सर्वांत जड जाणारे काम असेल. तिची कल्पकता त्या पिठात मावत नाही आणि वेष्टनावर तिचे नाव येत नाही. ज्या स्त्रीला स्वतःच्या नावाने काही उभारावयाचे आहे, तिला विश्वासार्हता हवी तर नाव सोडावे लागेल आणि नाव हवे तर एकटीने स्मरणाचा सगळा भार वाहावा लागेल, हा पेच खरा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेथेही विश्वास भूमीच्या आणि समूहाच्या नावे जमा होतो. ही मोठीच गोष्ट आहे, परंतु तिनेही एकट्या उद्योजिकेचा पेच सुटत नाही.

पंढरपूरच्या पश्चिमेस, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या अनुभवात त्याचे अर्धे उत्तर आहे. बँकेचा पहिला अर्ज प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून फेटाळला गेला होता. त्यांनी अक्षरे गिरविली आणि पुन्हा अर्ज केला. ही कथा नेहमी जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्याहून कमी सांगितली जाणारी, पण येथे अधिक मोलाची गोष्ट पुढची आहे. संस्थापिका चेतना सिन्हा यांनी २०१८ च्या आपल्या टेड व्याख्यानात सांगितल्याप्रमाणे, खातेदार स्त्रियांसाठी कार्ड व गुप्त क्रमांकाची योजना आली तेव्हा एका खातेदार स्त्रीने त्यास हरकत घेतली. क्रमांक कोणीही चोरील, अंगठा चोरता येणार नाही, असा तिचा मुद्दा होता. त्या स्त्रीच्या मनात सुरक्षितता होती. परंतु अंगठा विसरताही येत नाही. बँकेचे प्रतिनिधी बाजारात, दारात येऊन बचत गोळा करतात तेव्हाही तेच घडते : तारीख लक्षात ठेवण्याचे काम खातेदार स्त्रीकडून बँकेकडे जाते. व्यवसाय तिचाच राहतो, नाव तिचेच राहते, स्मरण तेवढे वाटून घेतले जाते. खुंटा दोघांनी धरल्यासारखे.

सांगावे की न सांगावे

ब्रँडविषयीच्या पाश्चात्त्य सल्ल्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते : आपली कहाणी सांगा. उद्योजिकेने आपला एडीएचडी लपवू नये, तो ब्रँडच्या कथेचा भाग करावा, ग्राहकाला सच्चेपणा भावतो, असा त्याचा आशय असतो. महानगरातील ग्राहकवर्गापुरते यात तथ्य असेलही. तालुक्याच्या गावात परिस्थिती वेगळी आहे. तेथे मनाच्या कोणत्याही स्थितीचा उच्चार धाकट्या बहिणीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचतो आणि घाऊक व्यापारी उधारीचा वायदा आखडता घेतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे उघड बोलल्याची सामाजिक किंमत पूर्ण आणि कायदेशीर लाभ मात्र जवळपास शून्य, असा हा व्यवहार आहे. धैर्याच्या नावाखाली तो स्त्रीवर लादणे अन्यायाचे ठरेल. निदान मनोविकारतज्ज्ञाकडून व्हावे, औषधोपचाराचा निर्णय त्यांच्याबरोबर व्हावा, आणि ही गोष्ट ज्यांना सांगितल्याने काम सुकर होते त्यांनाच सांगितली जावी : खतावणी ठेवणाऱ्या भागीदार स्त्रीला, मालाची तारीख तपासणाऱ्या मदतनिसाला, घरातील जो कोणी गोळ्या आणि गॅस यांचे खाते आपल्याकडे घ्यावयास तयार असेल त्याला. ग्राहकाला वेष्टनावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आणि उत्पादनाची खरी तारीख मिळाली की त्याचा हक्क पुरा होतो. उद्योजिकेच्या मेंदूचा वृत्तांत तो मागत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, व्यवस्थेवर इतका भर दिल्यास स्त्रीच्या आत्मविश्वासाला काही स्थानच उरत नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण क्रम चुकीचा आहे. सलग तीन यात्रांत माल ठरल्या दिवशी, ठरल्या मापाने गेला आणि एकही तक्रार परत आली नाही, तर त्या स्त्रीपाशी स्वतःविषयीचा नवा पुरावा जमा होतो. माल वेळेवर गेला तो भिंतीवरच्या फळ्यामुळे, की भागीदारणीच्या सकाळच्या फोनमुळे, की लाल परात उपवासाची आणि निळी परात इतर मालाची असे ठरल्यामुळे, याने त्या पुराव्याला बाध येत नाही. चष्मा लावून वाचणाऱ्याने वाचलेच नाही असे कोणी म्हणत नाही.

महाविद्यालयांपुरता प्रश्न अधिक जवळचा आहे. महिला दिनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने भरणाऱ्या आनंदबाजारात विद्यार्थिनी खाद्यपदार्थांचे गाळे लावतात आणि परीक्षक मंडळी फिरून गुण देतात. सादरीकरण, सजावट, संभाषणकौशल्य, आत्मविश्वास यांसाठी त्या गुणपत्रिकेत रकाने असतात. संध्याकाळी गल्ला मोजताना हिशेबाची वही कोणी ठेवली, शिल्लक मालाची नोंद कोणी केली, आणि जिला बोलता छान येते पण नोंदी जमत नाहीत अशा मुलीच्या शेजारी नोंदी करणारी मुलगी कोणी बसविली होती का, यासाठी रकाना नसतो. तो छापावयास एक ओळ पुरेल.